वाईन, समुद्र आणि न पिणारा ड्रायव्हर

वाईनच्या गावाला गाडी घेऊन जायचं ठरलं, की चौघांतल्या एकाला उपास घडतो. २०२५ च्या लेबर डे वीकेंडला तो मला घडला. कारण तात्त्विक वगैरे काही नव्हतं. कॅलिफोर्नियाचं लायसन्स आमच्यात माझ्या एकट्याकडे होतं. जुना रूममेट पुण्यात दहा वर्षं बाईक हाणलेला गडी, पण इथल्या लेखी परीक्षेचा मुहूर्त त्याला अजून सापडलेला नाही. त्याची बायको नुकतीच आलेली. टीममधल्या तमिळ मित्राकडे लर्नर परमिट. त्यामुळे किल्ली माझ्या हातात आणि ग्लास बाकी तिघांच्या.

इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. थोडक्यात, आपला कायदा कागदावर अमेरिकेच्या दुपटीहून कडक आहे! हे मी गाडीत सांगितलं तेव्हा तिघेही खो खो हसले. का हसले ते तुम्हाला सांगायला नकोच. पण आपल्यासारख्या व्हिसावाल्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. २०१५ पासून हे धोरणच आहे. दोन घोट पिनो न्वारसाठी एच-वन पणाला लावायचा माझा स्वभाव नाही.

तशी टेस्टिंग रूममध्ये ड्रायव्हरची सोय असते. टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं. वाईन तोंडात घोळवायची, चव घ्यायची आणि त्या भांड्यात थुंकायची. आता ज्या देशात जिन्याच्या कोपऱ्यात देवादिकांच्या टाइल्स लावून थुंकणं थांबवावं लागतं, तिथून आलेल्या माणसाला चारचौघांत पैसे देऊन थुंकायला सांगायचं म्हणजे जरा जास्तच झालं. मी एकदा प्रयत्न केला, शर्टावर डाग पाडून घेतला आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर द्राक्षांच्या ओळींकडे बघत उभा राहिलो.

आज जे सांगायचं आहे ते त्या उभं राहण्यातूनच आलं. प्यायलो असतो तर कदाचित सुचलं नसतं.

आधी रस्ता सांगतो, म्हणजे कोणाला जायचं असेल तर उपयोग होईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सोनोमा काउंटी आहे. बरेच जण हायवे १ ने समुद्राकाठाने वर जातात आणि १०१ ने घाईघाईत परत येतात. उलटं करा. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते. उत्तरेकडे जाताना समुद्र डावीकडे, म्हणजे तुमच्या आणि समुद्राच्या मध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची लेन. दक्षिणेकडे उतरताना मात्र समुद्र तुमच्या बाजूला. शिवाय थांबायच्या जागांवर वळताना लेन ओलांडावी लागत नाही. आणखी एक. मागे पाच किंवा जास्त गाड्या तुंबल्या, तर हळू जाणाऱ्याने बाजूच्या टर्नआउटमध्ये जाऊन त्यांना वाट द्यायची असा इथे नियम आहे. लोक तो पाळतात आणि जाताना हातही करतात. पहिल्यांदा मला वाटलं शिवी दिली.

शनिवारी १०१ ने वर गेलो आणि रशियन रिव्हर व्हॅलीत शिरलो. इथल्या वाईनचं गणित धुक्यात आहे. किनाऱ्यालगतचा पॅसिफिक उन्हाळ्यातही थंडगार असतो, कारण खोलवरचं गार पाणी वर येत राहतं. त्यावरून येणारी हवा धुकं घेऊन नदीच्या खोऱ्यातून आत शिरते. रात्री आणि सकाळी धुकं, दुपारी कडक ऊन. उन्हाने द्राक्षात साखर भरते, गारव्याने आंबटपणा टिकतो. पिनो न्वार आणि शार्दोने या नाजूक जातींना हेच लागतं. १९७६ साली पॅरिसमधल्या त्या प्रसिद्ध चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी डोळे झाकून, म्हणजे लेबल झाकून, कॅलिफोर्नियाच्या शार्दोनेला पहिला नंबर दिला. ती वाईन नापातल्या वायनरीची होती, पण तिची बरीचशी द्राक्षं सोनोमाची होती.

आपलाही इथे एक धागा आहे. स्टॅनफर्डमध्ये शिकलेले, ओरॅकलमध्ये नोकरी केलेले राजीव सामंत नाशिकला परत गेले आणि त्यांनी सुला काढली, तेव्हा त्यांना वाईन करायला मदत केली ती सोनोमाच्या केरी डॅमस्की यांनी. म्हणजे गंगापूर धरणाजवळ आपण जो ग्लास हातात धरून फोटो काढतो, त्याचं एक मूळ या खोऱ्यात आहे. रूममेट हे ऐकून म्हणाला, "मग नाशिकलाच गेलो असतो की, कसाऱ्याला वडापाव तरी मिळाला असता."

रविवारी पहाटे सहाच्या सुमारास मी एकटाच चहाच्या शोधात बाहेर पडलो. शेजारच्या मळ्यात डोक्याला दिवे लावलेली माणसं द्राक्षं तोडत होती. उन्हाने फळ तापायच्या आत, रात्रीच तोडणी सुरू करतात. माणसं अक्षरशः पळत होती. टब भरला की डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरकडे, रिकामा घेऊन परत. आपसात बोलत होती ती स्पॅनिश. वीकेंड लेबर डेचा, म्हणजे कामगारांच्या सुट्टीचा! आदल्या दिवशी टेस्टिंग रूममध्ये आम्हाला माती, धुकं, ओकची पिंपं यांच्याबद्दल तासभर सांगितलं होतं. या माणसांबद्दल एक वाक्य नव्हतं. हे इथेच ठेवतो, पुढे लागणार आहे.

नाश्ता करून फोर्ट रॉसला गेलो. १८१२ साली रशियन लोकांनी इथे ठाणं वसवलं होतं आणि १८१७ मध्ये पेरूहून आणलेल्या वेली इथे लावल्या असं सांगतात. आज तिथल्या द्राक्षबागा किनाऱ्यामागच्या उंच टेकड्यांवर, साधारण ९०० फुटांच्या वर, धुक्याच्या डोक्यावर आहेत. तिथून खाली उतरून गाडी दक्षिणेला वळवली आणि मग सुरू झाला तो रस्ता.

त्याचं वर्णन मी करत नाही. एका बाजूला कडा, एका बाजूला सोनेरी वाळलेलं गवत, खाली फेस. जेन्नरला रशियन नदी समुद्राला मिळते, तिथे वाळूच्या पट्ट्यावर सील पसरलेले असतात, सोमवारी सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये आपण असतो तसे. मला अस्वस्थ करत होती ती वेगळीच गोष्ट. रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला काहीच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोपासून दोन-अडीच तासांवर, जगातल्या महागड्या जमिनींपैकी एक, आणि मैलोन् मैल एक रिसॉर्ट नाही, होर्डिंग नाही, "सी टच प्लॉट"ची पाटी नाही. दर थोड्या अंतरावर एक छोटी तपकिरी पाटी मात्र होती. लाट आणि तिच्यात अनवाणी पाऊल. अर्थ असा, की इथून समुद्राकडे जायला सगळ्यांना वाट आहे.

हे असंच कसं राहिलं, याचं उत्तर बोडेगा हेडला मिळालं.

बोडेगा बे म्हणजे हिचकॉकच्या 'द बर्ड्स'चं (१९६३) गाव. गावासमोर समुद्रात घुसलेलं एक खडकाळ टोक आहे, ते बोडेगा हेड. तिथे एक गोल तळं आहे. गवत, बेटं, शांत पाणी. तमिळ मित्राने फोटोही काढला. मग कळलं की ते तळं नाहीच. तो अणुभट्टीचा खड्डा आहे!

पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने १९५८ साली इथे अणुवीज प्रकल्प जाहीर केला. सुमारे ७० फूट खोल खड्डा खणूनही झाला. अडचण एवढीच होती, की सॅन अँड्रियास प्रस्तरभंग अगदी लगत आहे. तोच, ज्याने १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त केलं. त्या टोकावर जमीन असलेल्या रोझ गॅफनी नावाच्या बाई कंपनीशी भांडत राहिल्या. मच्छीमार, गवळी, विद्यापीठातले लोक, विद्यार्थी त्यात आले. १९६३ च्या मे महिन्यात आंदोलकांनी इथून १५०० फुगे सोडले. प्रत्येकावर चिठ्ठी, की हा फुगा किरणोत्सारी कण असता तर तो तुमच्या दारात पडला असता. त्याच वर्षी एका भूगर्भशास्त्रज्ञाला खुद्द खड्ड्यातच भेग सापडली. ऑक्टोबर १९६४ मध्ये कंपनीने माघार घेतली. खड्डा राहिला, पावसाने भरला. लोक त्याला 'होल इन द हेड' म्हणतात.

मी तिथे बराच वेळ बसलो. इतर तिघांना भूक लागली होती, तरी बसलो. इंजिनिअर म्हणून आपल्याला काय बांधलं त्याची कौतुकं शिकवली जातात. गोल्डन गेटबद्दल मला केबलच्या जाडीपर्यंत माहिती होती. पण काय बांधलं नाही, कोणी बांधू दिलं नाही, याचं स्मारक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आणि हे एकच नाही. परत येताना पुलाच्या अलीकडे मरीन हेडलँड्सचे जे उघडे डोंगर दिसतात, तिथे १९६० च्या दशकात तीस हजार वस्तीचं मरीनचेलो नावाचं शहर होणार होतं. रद्द झालं. फोर्ट रॉसच्या उत्तरेला सी रँच नावाची सुंदर वसाहत आहे. दहा मैल किनारा एका विकासकाकडे गेला आणि लोकांची समुद्राकडे जायची वाट बंद व्हायची वेळ आली. त्या भांडणातून पेटलेली गोष्ट १९७२ साली राज्यभरच्या मतदानापर्यंत गेली. लोकांनी किनारा आयोगाच्या बाजूने कौल दिला आणि १९७६ मध्ये किनारा कायदा आला. सी रँचमधून लोकांसाठी पायवाटा सुटल्या त्या १९८० मधल्या तोडग्यानंतर.

भांडण संपलेलं नाही, आणि त्यात आपला माणूसही आहे. सन मायक्रोसिस्टिम्सचे सहसंस्थापक विनोद खोसला, जन्म पुण्याचा. आमच्या पिढीतल्या निम्म्या इंजिनिअर्सचं दैवत. त्यांनी २००८ साली हाफ मून बेजवळ मार्टिन्स बीचच्या लगतची जमीन सुमारे सव्वातीन कोटी डॉलर्सना घेतली आणि पुढे समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याचं फाटक बंद झालं. कॅलिफोर्नियात भरतीच्या सरासरी रेषेखालची वाळू सार्वजनिक आहे. पण तिथे पोचायचा रस्ता खाजगी असेल तर ती वाळू विमानातून बघायची! खटले वर्षानुवर्षं चालले, निकाल दोन्ही बाजूंनी लागत राहिले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोसलांचं अपील ऐकायला नकार दिला, तरी प्रकरण पुढे चालूच राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं, हा अमेरिकेला जाऊन आपल्याला शिकवायला लागला. थांबा. पहाटेची ती माणसं आठवतात ना? सोनोमाच्या किनाऱ्यावर नवीन बांधकाम अवघड, त्यामुळे जी घरं आहेत त्यांच्या किमती आभाळाला. द्राक्षं तोडणारा माणूस तिथे घर घेणं सोडाच, भाड्याने राहणंही कठीण. ज्यांनी निसर्ग वाचवला त्यांच्यातल्या अनेकांची घरं त्यातूनच सोन्याची झाली. 'वाचवलेला किनारा' हा बघायला आलेल्यांसाठी आणि आधीच घर असलेल्यांसाठी स्वर्ग, पण तिथे राबणाऱ्यासाठी कमालीचा महाग. हे न सांगता फक्त तळ्याची गोष्ट सांगितली, तर ती टेस्टिंग रूमसारखीच अर्धी होईल.

हे सगळं मला एवढं का लागलं, ते आता सांगतो. गुहागर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित आगर आहे. थोडे माड, थोडी सुपारी, एक पडकं घर. समुद्र गडग्यापलीकडे दोनशे पावलांवर. काका तिथे राहतात, बाबा पुण्यात, मी इथे. गेल्या वर्षभरात एक एजंट फेऱ्या मारतोय. सागरी महामार्ग झाला की भाव कुठच्या कुठे जाईल, आत्ताच करार करा, सी व्ह्यू प्लॉट पाडू. काकांना विकायचं आहे. बाबांचं ठरत नाही.

सोमवारी रात्री मी घरी पोचून फोन केला. तिकडे मंगळवार सकाळ, गौरी-गणपतीच्या विसर्जनाचा दिवस. घर माणसांनी भरलेलं. मी उत्साहात बोडेगाच्या तळ्याचं सांगितलं आणि वर म्हणालो, "काका, विकू नका. असा किनारा पुन्हा मिळणार नाही."

काका शांतपणे म्हणाले, "अरे बाबा, तिकडे बसून समुद्र सुंदरच दिसतो. इथे त्याच समुद्राचा खारा वारा दर चार वर्षांनी पत्रे खातो. ते तू बदलायला येणारेस काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी वर्षातून चार दिवस जाणार, मासे खाणार, फोटो काढणार आणि त्यांनी माझ्या डोळ्यांच्या सोयीसाठी वर्षभर आगर राखत बसायचं, हे मागणं बरोबर नाही. खोसलांना नावं ठेवणं सोपं आहे, काकांना 'विकू नका' सांगणं त्याहून सोपं, कारण दोन्हीत माझ्या खिशातून काहीच जात नाही.

पण एक गोष्ट मात्र मला सोडायची नाही. आमच्या आगरातून एक पाखाडी खाली पुळणीवर जाते. वरच्या वाडीतली माणसं पिढ्यान् पिढ्या त्याच वाटेने समुद्रावर जातात. मासळी त्याच वाटेने वर येते. वाडीतले गणपती त्याच वाटेने जातात. आमच्या आजोबांनी कधी कोणाला अडवलं नाही आणि कधी कुठे लिहूनही ठेवलं नाही. लिहायची गरजच नव्हती. उद्या तिथे सहा प्लॉट पडले, तारेचं कुंपण आणि वॉचमन आला, की पहिली बंद होईल ती ही वाट. आणि विकणारे आम्ही असू, मार्टिन्स बीचचं फाटक आमच्या सहीने लागेल.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. किनारा वाचवण्याच्या गप्पांची सुरुवात व्ह्यूपासून नको, वाटेपासून हवी. सीआरझेड आपल्याकडे १९९१ पासून आहे, पण २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. म्हणजे सरकारी रेषा सरकू शकते. वापरातली वाट जास्त चिवट असते, फक्त ती कागदावर आली पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये म्हटलं होतं, की लोक एखादी वाट पाच वर्षं हक्काने वापरत असतील तर ती लोकांची झाली. पुढे विधिमंडळाने त्याला मर्यादा घातल्या. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे, वहिवाट. १८८२ च्या कायद्यात वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने हक्क तयार होतो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. साधनं आहेत. पण त्यासाठी मामलेदाराकडे जावं लागणार वाडीतल्या माणसाला, तेही समोर मोठा विकासक असताना. त्यापेक्षा विकणाऱ्याने खरेदीखतातच ती वाट रुंदीसकट लिहून वगळली, तर भांडण सुरूच होणार नाही. एखादा गुंठा कमी विकला जाईल. भाव थोडा पडेल. तो तोटा मात्र आमच्या खिशातून जाईल, आणि म्हणूनच हे मागायचा मला थोडा तरी अधिकार आहे. माझ्या वाट्यातून तेवढे पैसे कमी धरा, असं मी बाबांना लिहून पाठवलं.

दोन दिवसांनी काकांचा निरोप आला. "वाटेचं लिहून टाकू. बाकीचं बघू."

'बाकीचं बघू' म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. अजून सही झालेली नाही. होईलही. पण पाखाडीची रुंदी मोजून झाली आहे, पाच फूट. विसर्जनाला गणपती डोक्यावर घेतलेला माणूस आणि शेजारी झांजा वाजवणारा, एवढे मावतात.

असो. कोणी सोनोमाला जाणार असाल तर बोडेगा हेडच्या त्या तळ्यापाशी दहा मिनिटं नक्की थांबा. आणि ड्रायव्हरला निदान एक चांगलं जेवण घाला. आमच्या रूममेटने आता लेखी परीक्षेची तारीख घेतली आहे. पुढच्या वेळी त्याचा उपास :-)